खळ वाळायच्या आत

‘पेन्सिल दिली, तर टोक करून द्यायले काय जात होतं यायचं?’

संजीव सर वंदनाच्या कानाशी कुरकुरले. कानाशी म्हणजे इतके जवळून, की त्यांच्या तोंडातल्या लवंगेचा वास तिला आला. पेन्सिल खरंच बोथट होती. हिरवी, सहा पैलूंची, अंगावर सोनेरी अक्षरांत चित्रपट महोत्सवाचं नाव, आणि टोकाच्या जागी नुसतं चपटं लाकूड. मधोमध शिशाचा एक काळा ठिपका, मिटायचा राहून गेलेल्या डोळ्यासारखा. वंदनानं ती डाव्या हातात धरली होती. उजवा हात मांडीखाली घालून ती त्यावर बसली होती. सकाळी पावणेसातपासून तो हात कुठं ठेवावा हेच तिला समजत नव्हतं.

‘ब्लेड नाही का तुमच्याजवळ? बायकांच्या पर्समध्ये सगळं राहते म्हणतात.’

‘नाही सर.’

पर्समध्ये आईच्या बीपीच्या गोळ्या होत्या, दोन रुमाल होते, बिस्किटांचा पुडा होता, आणि एका प्लास्टिकच्या डबीत आईची खालची कवळी होती. ती काढून ठेवावी लागली, कारण गाल आतून कापला होता. आणि गाल आतून कापला, कारण वंदनानं आज सकाळी आपल्या त्र्याऐंशी वर्षांच्या आईच्या थोबाडीत मारली होती.

हे तिनं मनात एकदा नीट म्हणून पाहिलं. मग लगेच पुसलं. पुसलं की ते पुन्हा उमटायचं — पाटीवर थुंकी लावून पुसलेलं अक्षर वाळल्यावर दिसतं तसं.

दिवे अजून मालवले नव्हते. पहिल्या रांगेत, बरोबर मधल्या खुर्चीत, आई बसली होती. मागून तिचा लिंबाएवढा अंबाडा दिसत होता आणि डाव्या गालावर ओढून घेतलेला नऊवारीचा पदर. येणारे-जाणारे वाकून नमस्कार करत होते आणि म्हातारी लाजतेय म्हणून कौतुकानं हसत होते. गाडीतून उतरवताना वैभवनं, या चित्रपटाच्या दिग्दर्शकानं, तेवढं विचारलं होतं, ‘आजी, गालाले काय लागलं?’ वंदनानं तोंड उघडायच्या आत आईनंच सांगून टाकलं, ‘मोरीत घसरली, बाबू.’ त्याही आधी, कामावर निघताना, पिंटूनं विचारलं होतं. पिंटू म्हणजे धाकटा भाऊ, हिंगण्याला कंपनीत जातो, आठची पाळी. ‘आईले काय झालं वं ताई?’ ‘मोरीत घसरली.’ त्यानं आईच्या गालाकडं पाहिलं, मग वंदनाच्या हाताकडं पाहिलं, मग हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बसवत बराच वेळ खट्-खट् करत राहिला, आणि गेला. तो पट्टा एरवी एका झटक्यात बसतो.

परीक्षक तिघं. संजीव सर निवृत्त प्राध्यापक, चाळीस वर्षं मराठी शिकवलेले. पलीकडे प्रियदर्शनी, जरीपटका वस्तीतली पोर, पुण्यात चित्रपटांचं संकलन शिकून आलेली, केस बारीक कापलेले, बोलणं त्याहून बारीक. आणि मधे वंदना — शिक्षण सातवी, धंदा वाचनालय. तांडापेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीत, जिथं एके काळी बाबांचा माग होता, तिथं आता साडेचार हजार पुस्तकं आहेत. मागाचा खड्डा बुजवून वर फरशी घातली, तरी पावसाळ्यात तेवढीच फरशी ओली दिसते. दर रविवारी ती एका पेपरात पुस्तकांबद्दल लिहिते आणि लोक म्हणतात, बाईची नजर बेरकी आहे, पण लिहिते मायेनं. मायेनं! मांडीखालच्या उजव्या हाताला मुंग्या आल्या होत्या.

गुणांच्या कागदावर पाच रकाने होते. शेवटचा : मूळ कलाकृतीशी प्रामाणिकपणा, गुण दहा.

मूळ कलाकृतीला त्यांच्या गल्लीत कोणी कादंबरी म्हणत नसत. ‘पुस्तक’ म्हणत. पोथी म्हणावी तसं. साठ वर्षांपूर्वी समोरच्या माडीवर एक कारकून दीड वर्ष भाड्यानं राहिला; त्यानं खिडकीतून एक सकाळ पाहिली आणि पुढं ती लिहिली. पुस्तक गाजलं, अभ्यासक्रमाला लागलं, त्याची गाइडं निघाली, आणि तीन पिढ्यांनी दहा-दहा गुणांसाठी उत्तर लिहिलं : माणूस मुळात चांगला की वाईट, कादंबरीच्या आधारे चर्चा करा.

ती सकाळ पांजणीची होती. पांजणी म्हणजे मागावर चढवायच्या आधी सगळं सूत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायचं, त्याला खळ म्हणजे पिठाची कांजी लावायची, आणि खळ ओली आहे तोवर मोठ्या कुंच्यानं तंतू-तंतू मोकळा करायचा. खळ तशीच वाळली तर सगळं सूत चिकटून एक दोरखंड होतं, महिन्याची कमाई मातीत. म्हणून पांजणीच्या वेळी गल्लीत कोणी आडवं जात नाही, कोणी भांडत नाही, कोणाला मरायलाही फुरसत नसते. आणि नेमकं त्याच वेळी गोविंदाला पकडलं. गोविंदा म्हणजे खालच्या आळीतला एक पोरगेलासा हमाल. कोणाच्या तरी दोन लडी सूत नाहीसं झालं होतं आणि तो तिथून जात होता, एवढंच. चौदा जणांनी त्याला मारलं. गुंडांनी नाही, भजनी मंडळातल्या माणसांनी. एकानं आधी त्याचा सदरा काढून नीट घडी घालून ओट्यावर ठेवला, गरिबाचा सदरा फाटू नये म्हणून, आणि मग मारलं. एकानं त्याला पाणी पाजलं, तो पूर्ण पिईपर्यंत थांबला, तांब्या खाली ठेवला, आणि मारलं. तिसऱ्या दिवशी गोविंदा मेला. चौथ्या दिवशी लडी सापडल्या.

आणि पान एकशे अठरा. चौदा जण मारत असताना एक माणूस मारत नव्हता. तो ताणलेल्या सुताजवळ, हातात कुंचा धरून, एकटा उभा होता. ‘त्या गल्लीत त्या सकाळी एकच माणूस माणूस राहिला’ — कारकुनानं लिहिलं.

तो माणूस म्हणजे रुपराव. वंदनाचे बाबा.

घरात तेवढं एकच पुस्तक. सातवीनंतर शाळा सुटली आणि चरख्यावर सुताच्या कांड्या भरता भरता वंदना ते वाचायची, पुन्हा पुन्हा, पाठ होईपर्यंत. जगात चांगलं मराठी असं असतं हे तिला त्या पानांनी शिकवलं. पाहुणे आले की बाबा पान एकशे अठरा उघडून मोठ्यानं वाचायचे. त्यांना वाचता येत नव्हतं. पाठ होतं. बोट भलत्याच ओळीवरून फिरायचं, आणि पाहुण्यांना ते दिसलं तरी कोणी म्हणायचं नाही.

तेच बोट, तोच हात. पाहुणे गेले, किंवा सूत तुटलं, किंवा भाजीत मीठ राहिलं, की बाबा आईला म्हणायचे, ‘बांगड्या काढ.’ बांगडी फुटणं म्हणजे अशुभ, नवऱ्याच्या आयुष्याला धोका. मारताना ती फुटायला नको. मग आई एकेक काचेची बांगडी काढून कोनाड्यात ठेवायची, टिक्, टिक्, टिक्, डाव्या हातातल्या सहा, उजव्या हातातल्या सहा, आणि त्या बारा आवाजांत वंदना पिंटूला उचलून मागच्या दारी न्यायची. मग आजूबाजूचे माग जरा जोरात चालायला लागायचे. वाईट माणसं नव्हती ती. त्यांना ऐकवत नव्हतं, म्हणून. दुसऱ्या दिवशी नळावर कोणी विचारलंच तर आई म्हणायची, ‘मोरीत घसरली.’ साऱ्या गल्लीत तेवढीच एक मोरी घसरडी होती.

दिवे मालवले.

अंधार झाला तशी वंदनानं उजवा हात बाहेर काढला. पडद्यावर पाटी आली, ‘रुपरावजींच्या पवित्र स्मृतीस’, आणि टाळ्या पडल्या, आणि पुढच्या रांगेतला अंबाडा हलला नाही. संजीव सर वाकून म्हणाले, ‘वा! तुमचे वडील अमर झाले बरं का.’ ही बोथट पेन्सिल सरांच्या गुडघ्यात घुसेल का, असं तिच्या मनात आलं. जोर लावला तर घुसेल. वाटी सरकेल, मऊ भागात जाईल, सर आधी आश्चर्यानंच पाहतील… तिनं पेन्सिल दुसऱ्या हातात घेतली. हे असं कधीपासून यायला लागलं मनात? की आधीपासून होतं, आणि कारकून समोर राहायला नव्हता म्हणून कोणी लिहून ठेवलं नाही?

सकाळी पाणी तापायला उशीर झाला होता. साडेनऊला गाडी येणार होती. आई दोन वर्षांपासून विसरत चालली होती — मघाशी काय खाल्लं, समोरचा पोरगा कोण, तो पूर्वीचा सारा पसारा मात्र जागच्या जागी. आणि आंघोळीच्या वेळी एकच प्रश्न, रोज : ‘त्याईनं जेवन केलं का वं?’ ते म्हणजे बाबा. बाबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. वंदना रोज म्हणायची, ‘हो, जेवले.’ आजही म्हणायचं होतं. तिनं हातातल्या बांगड्या काढून कट्ट्यावर ठेवल्या, तांब्या भरून घेतला, आणि आईनं विचारलं. इतक्या हळू, इतक्या काळजीनं, की वंदनाच्या आत काहीतरी तडकलं : त्याची? अजून त्याचीच? ज्यानं तुझी बरगडी मोडली त्याचं पोट भरलं का याची चिंता, आणि मी दोन वर्षं तुझं हगणं-मुतणं काढतेय, मी जेवले का हे एकदा तरी… आणि हात गेला. हात गेला, असं म्हणतो आपण. जणू तो गावाला गेला.

आवाज किती लहान! डबीचं झाकण लावल्याएवढा.

आणि मग आईनं जे केलं ते वंदना नुसती पाहत राहिली. चहाचा कप तोंडापर्यंत नेताना सांडणारे ते हात — दोन्ही कोपरं वर, मनगटं कानांवर, हनुवटी छातीत, पाठ भिंतीला, एका क्षणात, चपळ, बिनचूक, जसा पोहणाऱ्याला पाण्यात टाकलं की हात मारता येतो तसं. त्या कोपरांच्या आतून रक्ताची एक रेघ आली. आणि आवाज आला, शांत, समजूत घालणारा : ‘मोरीत घसरली म्हणून सांगन मी. तू भेऊ नको.’

पडद्यावर पांजणी सुरू झाली होती. सूत छान चमकत होतं. बाबांच्या भूमिकेतला नट उंच, छातीवर घाम, डोळ्यांत करुणा. तो एकटाच कुंचा फिरवत सुताच्या कडेनं चालला होता, आणि वंदनाच्या मनानं, कारकुनी मनानं नाही, कांड्या भरणाऱ्या पोरीच्या मनानं म्हटलं, चूक. एकट्यानं नाही चालत कुंचा. समोरासमोर दोघं लागतात; एक या अंगानं, एक त्या अंगानं, पावलाला पाऊल लावून. समोरचा थांबला की यालाही थांबावंच लागतं.

ती खुर्चीत ताठ झाली.

पुस्तकातही एकटाच होता. हातात कुंचा धरून, एकटा उभा. चाळीस वर्षं तिनं ते वाचलं आणि चाळीस वर्षं कारकुनाच्या डोळ्यांनी वाचलं. तो बिचारा माडीवरून बघत होता, त्याला काय माहीत! बाबा उभे होते कारण त्यांचा जोडीदार मारायला पळाला होता. ते विवेकानं थांबले नव्हते. ते खोळंबले होते.

पडद्यावर मार सुरू झाला. आवाज मोठमोठे, गादी बडवल्यासारखे. कॅमेरा रक्ताजवळ गेला, तोंडाजवळ गेला, सदऱ्याची घडी आणि पाण्याचा तांब्या कुठंच नव्हते. चौदा भजनी माणसांचे लाल डोळ्यांचे चौदा राक्षस केले होते, त्यामुळे बघणाऱ्यांना सोपं जात होतं, कोणी ओळखीचं दिसत नव्हतं. आणि मग नटानं कुंचा फेकला, धावत गेला, गोविंदावर आडवा पडला आणि ओरडला, ‘थांबा! माणूस आहे तो!’ संगीत. चौदा हात खाली आले. हॉलमध्ये कोणीतरी नाक ओढलं. सरांनी चष्मा पुसला.

पुस्तकात असं नाही. पुस्तकात मार थांबतो तो एका ओळीत : ‘कुठल्याशा दारातून एका बाईचा आवाज आला, खळ वाळून राहिली! आणि सगळे आपापल्या सुताकडे गेले.’ तेवढंच. बाईला नाव नाही.

पडद्यावर त्या रात्रीचं घर. नट थकून येतो. नटी त्याच्याकडे भक्तिभावानं पाहते. मग ती हातातल्या बांगड्या काढते — झोपायची तयारी असावी, दिग्दर्शकाला बांगड्यांवर दिव्याचा उजेड हवा असावा — एकेक, कोनाड्यात, टिक्, टिक्, आणि ती मान वर करून गोड आवाजात विचारते, ‘जेवलात का?’

पहिल्या रांगेतली दोन कोपरं वर आली.

अंधारात कोणाला दिसलं नाही. वंदनाला दिसलं. त्या दोन टोकदार सावल्या पडद्याच्या उजेडात क्षणभर उभ्या राहिल्या. बांगड्या. बांगड्या काढून ठेवल्या की विचारायचं, जेवण झालं का. प्रेमानं नाही. ताट वाढायच्या निमित्तानं स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत जाता यावं, तेवढ्यात राग उतरला तर उतरला, कोणी दार वाजवलं तर वाजवलं… दोन वर्षं. दोन वर्षं रोज सकाळी मी तिच्यासमोर बांगड्या काढून कट्ट्यावर ठेवतेय, टिक्, टिक्, आंघोळ घालायची म्हणून, आणि रोज सकाळी ती भिंतीला पाठ लावून मला विचारतेय, आणि मी म्हणतेय, हो, जेवले. म्हणजे आता मारायला काही अडथळा नाही. आणि आज, सातशे सकाळींनंतर, मी तिला खरं करून दाखवलं.

पेन्सिल तिच्या हातात मोडली. मोडल्याचा आवाजही लहानच होता.

परीक्षकांची बैठक रंगपटात होती. आरशाभोवती पिवळे बल्ब, एक टेबल, चहा. आईला एकटं सोडता येत नाही म्हणून तिलाही कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं. ती बशीत बिस्किट भिजवून डाव्या गालाला न लागेल असं खात होती. बाहेर वैभव आजीच्या सत्काराची शाल घेऊन येरझारा घालत होता.

‘मी दहापैकी नऊ देतो,’ सर म्हणाले. ‘माणूस मुळात चांगला आहे हे इतक्या ठामपणे कोण सांगते आजकाल?’

‘मी दोन,’ प्रियदर्शनी म्हणाली. ‘सर, पुस्तक वाचताना मला रात्रभर झोप आली नव्हती, कारण मला वाटलं होतं, मी तिथं असते तर मीही मारलं असतं. हा चित्रपट पाहून मला मस्त झोप येईल. दुष्ट ते, चांगले आपण. संपलं.’

‘तुम्हा पोरांना चांगलं काही बघवतच नाही.’

‘बघवतं ना. पण सदऱ्याची घडी कुठं गेली? मारणाऱ्याच्या हातातला तो पाण्याचा तांब्या कुठं गेला? गोष्ट तिथं होती.’

‘अरे, पण रुपराव? तो तरी खरा होता का नाही?’ सर वंदनाकडे वळले. ‘यायलाच विचारा. घरच्या माणसाहून मोठा पुरावा कोणता? आता तुमचंच मत, वंदनाताई. तुम्ही म्हणाल तिकडे बक्षीस.’

वंदनाच्या कागदावर पाचवा रकाना कोरा होता. पेन्सिलीचे दोन तुकडे समोर होते. ती म्हणाली, ‘सर, कुंचा एकट्यानं चालत नाही.’

‘म्हणजे?’

तिनं सांगितलं. समोरासमोर दोघं लागतात. जोडीदार मारायला गेला म्हणून बाबा थांबले होते. सांगताना तिला वाटलं, आपण फार मोठं खरं बोलतोय. आणि त्याच वेळी हेही कळलं, की हे खरं दुसऱ्याचं आहे, म्हणून इतकं सोपं जातंय.

प्रियदर्शनी पुढे झुकली. ‘मग मार थांबवला कोणी? ती दारातून ओरडणारी बाई — ती कोण?’

‘मी वरडली,’ कोपऱ्यातून आई म्हणाली.

तिघांनी माना वळवल्या. आई बशीत बघत होती. बिस्किट विरघळून गेलं होतं.

‘मी वरडली, खळ वाळून राहिली म्हणून.’

‘आजी,’ प्रियदर्शनी अगदी हळू म्हणाली, ‘तुम्ही असं का नाही म्हणालात, की तो मरून जाईल?’

आईनं तिच्याकडे पाहिलं — शहाण्यासुरत्या पोरीनं चूल कशी पेटवायची विचारावं, तसं. ‘तसं म्हटलं असतं तर कोनं आयकलं असतं वं, बाई?’

बल्बच्या उजेडात सरांच्या कपाळावर घाम दिसत होता. त्यांनी घसा साफ केला. ‘आणि रुपराव? ते काय म्हणाले तुम्हाला?’

‘ते घरी आले. अर्धी खळ वाया गेली व्हती ना. अन मानसायच्या मधात बायको वरडली.’ आईनं बशी खाली ठेवली. डावं मनगट उजव्या हातात धरून ती मोकळ्या मनगटावरून बोटं फिरवत राहिली. ‘बांगड्या काढ म्हने.’

पंखा फिरत होता. सर म्हणाले, ‘त्यांना आता विस्मरण… वयच आहे…’ आणि थांबले, कारण आईचा पदर खांद्यावर घसरला होता. गालावर चार बोटं होती. सकाळी लाल होती, आता जांभळी, स्पष्ट, एकमेकांपासून सारख्या अंतरावर, जणू कोणी गाल मोजला होता. सरांनी ते पाहिलं आणि चहाच्या कपाकडे पाहिलं. प्रियदर्शनीनं पाहिलं आणि पाहत राहिली. दारात वैभव शाल घेऊन उभा होता. त्यानंही पाहिलं, आणि शालीची घडी उगाच पुन्हा घातली. घडी नीट होती.

‘आजी, हे कशानं झालं?’ प्रियदर्शनीनं विचारलं.

‘मोरीत घसरली,’ आई म्हणाली. पापणीही हलली नाही. मग कोणी काही विचारलं नसताना तिनं आणखी सांगितलं, ‘पोरगी नाही मारत माही. लय जीव लावते मले.’

चौघांपैकी प्रत्येकजण मनातल्या मनात आपापला माग जोरात चालवत होता. वंदनाला तो आवाज ऐकू येत होता. आणखी दोन क्षण, आणि सर म्हणतील, चला, शाल देऊन टाकू. आणखी दोन क्षण, आणि सगळे सुटतील. ती तर सगळ्यात आधी. आई रोखून बघत होती तिच्याकडे, डोळ्यांनी सांगत होती, भेऊ नको. एवढी माया त्या डोळ्यांत होती — की तीसुद्धा माया नव्हतीच? ओट्यापर्यंत पोचायची वाट होती? हे आता तिला कधीच कळणार नव्हतं. ते कळायची सोय तिनं सकाळी आपल्या हातानं मोडली होती.

तिनं उजवा हात टेबलावर ठेवला. उताणा.

‘मोरीत नाही घसरली,’ वंदना म्हणाली. ‘मी मारलं. आज सकाळी.’

सरांचा कप बशीवर वाजला. प्रियदर्शनीनं मान खाली घातली. वैभवच्या हातातल्या शालीचं एक टोक जमिनीला टेकलं. आणि आई खुर्चीतून अर्धी उठली, पदर गालावर घेतला, एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि साठ वर्षांपूर्वी दारातून दिला असेल तसा, दात नसलेल्या तोंडानं, खणखणीत आवाज दिला, ‘चाला गा, उठा सगळे, आपापल्या कामाले लागा… खळ वाळून राहिली!’

कोणीतरी उठेल म्हणून वंदनानं वाट पाहिली. कोणी उठलं नाही. हात टेबलावर होता तिथंच होता, चार बोटं आणि अंगठा, सगळ्यांसमोर. तो लपवायची घाई आपल्याला कशी नाही याचंच तिला नवल वाटत होतं.

वाळू दे, तिच्या मनात आलं. वाळू दे, आई.